काटा पडला म्हणजे सेन्सर गेलाच का?

गाडी धावतेय, पण स्पीडोमीटरचा काटा शून्यावर पडून आहे. किंवा खड्ड्यात चाक आदळलं की काटा थरथरतो, खाली येतो आणि पुन्हा उठतो. जोडीला चेक इंजिनचा पिवळा दिवा. अशा वेळी पहिला संशय जातो तो स्पीड सेन्सरवर. अनेक गाड्यांत अंगठ्याएवढा हा भाग एकाच बोल्टवर बसलेला असतो आणि पाने हाताळायची सवय असलेल्या माणसाला तो घरी बदलता येतो. या कामातला अवघड भाग वेगळाच आहे: बिघाड नेमका कुठे आहे हे ओळखणं. तिथे चूक झाली की नवा सेन्सर बसतो, पैसे जातात आणि काटा होता तिथेच राहतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी काही समज तपासून घेतलेले बरे.

गैरसमज: प्रत्येक गाडीत स्पीड सेन्सर गिअरबॉक्सवरच असतो.

वस्तुस्थिती: जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत फिरती केबल जायची. पुढे केबलच्या जागी इलेक्ट्रॉनिक सेन्सर आला. तो गिअरबॉक्सच्या आवरणात बसतो आणि आतल्या चक्राच्या फिरण्याचं विजेच्या ठोक्यांत, म्हणजे पल्समध्ये, रूपांतर करतो. या पल्स मोजून इंजिनचा संगणक आणि मीटर वेग ठरवतात. एबीएस असलेल्या बऱ्याच नव्या गाड्यांत मात्र वेगाची माहिती चारही चाकांजवळच्या सेन्सरमधून घेतली जाते आणि गिअरबॉक्सवर वेगळा सेन्सर नसतोच. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या प्रवासी गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. त्यामुळे आपल्या मॉडेलमध्ये कोणती रचना आहे, हे सर्व्हिस मॅन्युअलमधून आधी पाहावं. या लेखातली घरी करायची कृती गिअरबॉक्सवरच्या सेन्सरची आहे.

गैरसमज: नुसता काटा बंद आहे. गाडी तर चालतेय, राहू द्या.

वस्तुस्थिती: वेगाचा सिग्नल फक्त काट्यासाठी नसतो. गाडी थांबत असताना इंजिनचं आयडलिंग सांभाळायला संगणक तो वापरतो. ऑटोमॅटिक गाडीत गिअर कधी बदलायचा हे त्यावर ठरतं, म्हणून सिग्नल तुटला की गिअर उशिरा किंवा झटका देऊन पडतो. अनेक गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग किती हलकं ठेवायचं, दरवाजे आपोआप कधी लॉक करायचे हेही त्याच सिग्नलवर चालतं. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत ताशी ८० किलोमीटरच्या वर अधूनमधून आणि १२० च्या वर सतत वाजणारी धोक्याची सूचना सक्तीची झाली, तिचा आधारही वेगाचा सिग्नलच. शिवाय सिग्नल मीटरपर्यंत पोहोचत नसेल तर किलोमीटरची नोंद थांबते. सर्व्हिस कधी करायची याचा हिशेब चुकतो आणि गाडी विकताना घेणाऱ्याला खोटा आकडा दाखवल्यासारखं होतं. दुरुस्ती लांबवू नये, हेच खरं.

गैरसमज: स्कॅनरवर पी०५०० कोड आला म्हणजे सेन्सर खराब.

वस्तुस्थिती: हा कोड एवढंच सांगतो की वेगाचा सिग्नल नीट पोहोचत नाही. तो का पोहोचत नाही, हे आपल्याला शोधावं लागतं. उडालेला फ्यूज, तुटलेली वायर, ढिला कपलर, झिजलेलं प्लास्टिकचं चक्र, नाहीतर सेन्सर, यांपैकी काहीही असू शकतं.

फोनला जोडता येणारा साधा स्कॅनर असेल तर चालत्या गाडीतली वेगाची आकडेवारी पाहता येते. फोन मात्र शेजारी बसणाऱ्याच्या हातात हवा. स्कॅनरवर वेग बरोबर दिसतोय आणि काटा मेलेला आहे, तर सिग्नल इंजिनच्या संगणकापर्यंत पोहोचतोय. दोष मीटरमध्ये किंवा मीटरकडे जाणाऱ्या वायरमध्ये शोधायचा. दोन्हीकडे शून्य असेल तर सेन्सरकडे वळायचं. खड्ड्यांवरच आकडा गायब होत असेल तर बहुतेक वेळा कुठेतरी जोड ढिला असतो.

मग बॉनेट उघडून कपलर काढून नीट पाहावा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गेलेल्या गाडीत पिनांवर हिरवट थर चढलेला दिसतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, पिना कोरड्या करून कपलर पुन्हा घट्ट बसवल्यावर काही वेळा काटा तिथल्या तिथे उठतो. वायरचा माग काढताना उंदरांनी कुरतडलेल्या जागाही शोधाव्यात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत हे हमखास घडतं.

गैरसमज: मल्टिमीटरने ओहम मोजले की सेन्सर चांगला की वाईट ते कळतं.

वस्तुस्थिती: ते सेन्सरच्या प्रकारावर अवलंबून आहे. दोन वायरींच्या चुंबकीय सेन्सरमध्ये तारेचं वेटोळं असतं. त्याचा रोध मोजून मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहता येतो. तीन वायरींच्या हॉल सेन्सरमध्ये मात्र इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, तिथे ओहम मोजून काहीच निष्कर्ष निघत नाही.

तीन वायरींचा सेन्सर असा तपासावा. इग्निशन चालू, इंजिन बंद. एका वायरवर सप्लाय हवा (गाडीनुसार ५ किंवा १२ व्होल्ट) आणि दुसऱ्यावर पक्कं अर्थिंग. हे दोन्ही नसेल तर दोष सेन्सरच्या अलीकडे आहे. दोन्ही असेल तर तिसऱ्या, म्हणजे सिग्नलच्या वायरवर यायचं. कपलर जोडलेलाच ठेवून मागच्या बाजूने बारीक पिन सरकवायची. वायरचं आवरण टोचू नये, तिथून पुढे पाणी शिरतं. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर मागच्या चाकांना दोन्हीकडून अडण लावून, हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलला ठेवून पुढचं एक चाक उचलावं आणि हाताने हळू फिरवावं. दुसरं चाक जमिनीवर असलं तरी डिफरन्शियलमुळे आतलं चक्र फिरतंच. मल्टिमीटरवरचा आकडा शून्याजवळून वर आणि पुन्हा खाली असा बदलत राहिला तर सेन्सर जिवंत आहे. सप्लाय आणि अर्थिंग असूनही आकडा ढिम्म राहिला, तर आता सेन्सर काढायला हरकत नाही.

गैरसमज: बदलायचं काम दहा मिनिटांचं, बोल्ट काढा आणि ओढून घ्या.

वस्तुस्थिती: बोल्ट एकच असला, बहुधा १० नंबरच्या पान्याचा, तरी सगळं क्रमाने करावं लागतं. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावं आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी. सेन्सर वरून हाताला येत नसेल आणि गाडीखाली जायचं असेल तर गाडी भक्कम स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, एका क्षणासाठीही जाऊ नये.

सेन्सरभोवतीची माती ब्रशने आणि कापडाने पुसून काढावी, कारण सेन्सर निघाला की तिथे थेट गिअरबॉक्सच्या आत जाणारं भोक उघडं पडतं. सेन्सर हाताने डावी-उजवीकडे फिरवत सुटा करावा. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटला तर प्लास्टिकची मान तुटून तुकडा आत पडू शकतो. सेन्सर खालच्या बाजूला असेल तर गिअर ऑइल सांडेल, खाली ट्रे ठेवावा आणि नंतर ऑइलची पातळी तपासावी.

काढलेल्या सेन्सरच्या टोकाला दातेरी चक्र असेल तर ते बोटाने फिरवून पाहावं. सेन्सर धडधाकट आणि चक्राचे दातच झिजलेले, असंही आढळतं. मग काही गाड्यांत फक्त चक्र बदलून भागतं. जुनी ओ-रिंग भोकात अडकून राहिली नाही ना, याची खात्री करावी. नव्या ओ-रिंगला गिअर ऑइलचं बोट लावून सेन्सर हाताने दाबत पूर्ण बसवावा. सिलंट लावायची गरज नसते. बोल्ट ओढून सेन्सर आत घेऊ नये. गिअरबॉक्सचं आवरण ॲल्युमिनियमचं असतं आणि जास्त जोर लावला की आटे जातात; एवढ्या छोट्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर ताण पुरतो, मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो पाळावा.

गैरसमज: भोकात बसतो तो कोणताही सेन्सर चालतो.

वस्तुस्थिती: आकार जुळणं पुरेसं नाही, पल्सची संख्याही जुळायला हवी. जपानी पद्धतीच्या अनेक गाड्यांत सेन्सरचा दांडा एका किलोमीटरला ६३७ फेरे घेतो आणि प्रत्येक फेऱ्याला ४ पल्स मिळतात. म्हणजे किलोमीटरमागे २५४८ पल्स. ताशी ६० किलोमीटरला दर सेकंदाला सुमारे ४२ पल्स होतात. याच जागी फेऱ्याला ८ पल्स देणारा सेन्सर बसला तर मीटर दुप्पट वेग दाखवेल. चक्राच्या दातांची संख्या बदलली तरी वेग चुकतो. म्हणून दुकानात गाडीचं मॉडेल सांगण्याबरोबर जुन्या सेन्सरवरचा पार्ट नंबर दाखवावा.

गैरसमज: फोनवरचा जीपीएस कमी वेग दाखवतो, म्हणजे सेन्सर चुकतोय.

वस्तुस्थिती: मीटर मुद्दामच थोडं जास्त दाखवतं. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियम ३९ नुसार मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा दाखवायचा नाही; जास्त दाखवण्याची मुभा खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर इतकी आहे. म्हणजे खरा वेग ८० असताना मीटरवर ८० ते ९२ पर्यंतचा आकडा नियमात बसतो. मूळ मापापेक्षा मोठे टायर घातले असतील तर मीटर कमी दाखवू लागतं. यातही सेन्सरचा दोष नसतो.

गैरसमज: चाकाजवळचा सेन्सरही असाच घरी बदलता येतो.

वस्तुस्थिती: तो ब्रेकच्या यंत्रणेचा भाग आहे. गंजामुळे तो आपल्या जागेत घट्ट धरून बसतो आणि काढताना तुटतो. अनेक गाड्यांत त्याचं चुंबकीय कडं बेअरिंगमध्येच असतं, आणि बेअरिंग उलटं बसलं तर सेन्सर नवा असूनही सिग्नल मिळत नाही. एबीएसचा दिवा लागला असेल तर गाडी जाणत्या मेकॅनिककडे न्यावी.

गैरसमज: दिवा गेला म्हणजे काम झालं.

वस्तुस्थिती: बॅटरी सोडवल्याने काही गाड्यांत कोड पुसला जातो, बिघाड तसाच असला तरी. दुरुस्तीनंतर कोड स्कॅनरने पुसावा, मोकळ्या रस्त्यावर चक्कर मारून काटा आणि स्कॅनर यांचा मेळ पाहावा. दोन-चार दिवसांनी सेन्सरभोवती ऑइल पाझरत नाही ना, हे बघावं. काटा बंद असताना गाडी अंदाजे किती चालली, हे तारखेसह सर्व्हिस बुकात लिहून ठेवावं.

आणि सेन्सर स्वतः बदलायचा नसला तरी तपासणी घरी जरूर करावी. "सप्लाय येतोय, अर्थिंग आहे, चाक फिरवलं तरी सिग्नल नाही," एवढं सांगता आलं की गॅरेजमध्ये अंदाजाने भाग बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. मेकॅनिकचा वेळ वाचतो आणि आपले पैसेही.