‘अंगदुखीमुळे गैरहजर’ : सिकलसेल आणि आपल्या लेकरांची शाळा

शाळेच्या हजेरीपटात काही मुलांच्या नावापुढे महिन्यातून पाच-सहा खाडे दिसतात. कारण विचारले तर उत्तर एकच, अंग दुखत होते. गुरुजी म्हणतात आळशी आहे, शेजारी म्हणतात नाटकं करते, घरात आजी म्हणते नजर लागली. विदर्भातल्या आपल्या वस्त्यांत असे लेकरू सिकलसेलचे असू शकते. तपासणी झालेली नसते, म्हणून घरालाही ते माहीत नसते आणि शाळेलाही नाही.

या पानावर सिकलसेलबद्दल लिहिले की दोन प्रकारची पत्रे येतात. एकात औषध विचारलेले असते. दुसऱ्यात विचारलेले असते, ‘हा आपल्याच लोकांना का होतो?’ या दुसऱ्या प्रश्नापासून आम्ही सुरुवात करतो, कारण त्याच्या पोटी जी लाज बसली आहे तिच्यामुळेच अनेक घरे तपासणीला जात नाहीत.

सिकलसेल हा रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आजार आहे आणि तो आई-वडिलांकडून येतो. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, एका पाण्याने तो लागत नाही. निरोगी माणसाची तांबडी पेशी गोल आणि लवचीक असते व सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलची पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि १०-२० दिवसांतच मरते. अडकली की पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, आणि ज्याला आपण ‘अंगदुखी’ म्हणतो ती असह्य कळ उठते. पेशी लवकर मरतात म्हणून रक्त कमी राहते आणि डोळे पिवळे दिसतात. कित्येक घरांत ही कावीळ समजून झाडपाला चालू असतो.

मलेरियाचा जोर असलेल्या मुलखांत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच दोष आला तर माणूस वाहक होतो, म्हणजे ‘एएस’. अशा माणसाला मलेरियाचा जीवघेणा झटका कमी बसतो. दोघांकडून आला तर ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा काठ आणि भारताचा मध्यभाग, सगळीकडे तो आहे. भारतात तो पहिल्यांदा १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत सापडला. नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या वाहकांविषयीची आपली नोंद १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापली. गोंड, परधान, भिल्ल, पावरा, कितीतरी समाजांत तो आहे, आणि बौद्धांतही आहे. इतर समाजांतही सापडतो. म्हणून कुणी ‘तुमच्या जातीचा आजार’ म्हटले तर मान खाली घालण्याचे कारण नाही.

मात्र जातीचा आणि या आजाराचा एक संबंध आहे, तो वेगळ्या अंगाने. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीच्या आतच लग्न करण्याची सक्ती हेच जातीचे मूळ लक्षण आहे, अशी त्यांची त्यात मांडणी होती. पिढ्यान्‌पिढ्या त्याच त्या घरांत सोयरिक होत राहिली की दोन वाहक एकमेकांच्या वाट्याला येण्याचा संभव वाढतो. रक्तात दोष निसर्गाने ठेवला खरा, पण माणसांना एका कुंपणात कोंडले ते समाजाने.

सिकलसेलचा वैद्यकशास्त्रात नोंदलेला पहिला रुग्णही विद्यार्थीच होता. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावरून वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा कृष्णवर्णीय तरुण १९०४ मध्ये दंतवैद्यकी शिकायला शिकागोला आला. शिकताना तो वारंवार आजारी पडला. डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये त्याच्या रक्तातल्या वाकड्या पेशींचे वर्णन छापले. तोवर नोएल शिक्षण पुरे करून गावी परतला होता आणि दातांचा दवाखाना चालवत होता. १९१६ मध्ये, तिशी नुकतीच ओलांडलेली असताना, तो वारला. तेव्हा ना औषध होते, ना आजाराची नीट ओळख. तरी त्याने शिक्षण पुरे केले, कारण घरची परिस्थिती बरी होती.

आपल्याकडे अडते ते इथेच. आजार तोच असला तरी बंगल्यातल्या मुलाला आणि झोपडीतल्या मुलाला तो सारखा छळत नाही. कळ कशाने उठते ते पाहा. अंगातले पाणी कमी झाले, थंडी लागली, ताप आला, फार दमणूक झाली. टिनाच्या घरात मे महिन्यात अंग भाजते आणि डिसेंबरात कुडकुडते. नळ एक दिवसाआड येतो. आई मजुरीला गेली नाही तर त्या दिवशीची चूल अडते, मग लेकराला दवाखान्यात कोण नेणार? रक्त चढवायचे तर जिल्ह्याच्या गावाला जावे लागते, आणि सोबत जाणाऱ्या माणसाची तेवढ्या दिवसांची मजुरी जाते.

शाळेतल्या संडासाचा आणि या आजाराचा काही संबंध असेल असे कुणाला वाटणार नाही, पण आहे. संडास घाण, कडी नाही, पाणी नाही, म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. निरोगी मुलीला त्याने लघवीची जळजळ होते. सिकलसेलच्या मुलीला त्याच कारणाने कळ उठून भरती व्हावे लागते. शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक असतात. त्यांनी इतर मागण्यांच्या आधी चालू संडास आणि पिण्याचे पाणी मागावे असे आम्हांला वाटते.

वर्गात आणखी एक गोष्ट घडते. या आजारात कधी कधी मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या बंद होतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. हात-पाय चालतात, बोलणे ठीक असते, पण लक्ष लागत नाही, पाठ केलेले राहत नाही. अशा मुलाला ‘मठ्ठ’ म्हणून मागच्या बाकावर बसवले जाते. त्यातून आडनाव पाहून आधीच मत बनवलेले असेल तर विचारायलाच नको. एका आईने आम्हांला सांगितले की तिच्या मुलाला उशिरा आल्याबद्दल उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या आणि रात्री त्याला भरती करावे लागले. शिक्षकांना आजार माहीत नव्हता, कारण घरच्यांनी लपवला होता. लग्नात अडचण येईल, ही भीती होती. आईला दोष देण्यात अर्थ नाही. लपवावे लागते अशी परिस्थिती आपण सगळ्यांनीच करून ठेवली आहे.

तपासणी सोपी आहे. थोड्याशा रक्तावर सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर वाहक की रुग्ण हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी लागते. पहिल्या चाचणीवरच घाबरून किंवा निर्धास्त होऊन थांबू नये. आशाताईंना विचारा, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. तिची मांडणी मुख्यतः आदिवासी भागांभोवती आहे. म्हणून शहरातल्या आणि गावकुसाच्या बौद्ध वस्त्यांनी वाट पाहत न बसता विहारात तपासणीचे शिबिर मागून घ्यावे.

वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. वाहकाने शिकावे, कष्ट करावेत, लग्नही करावे. फक्त दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याचा संभव चारात एक असतो. ‘पहिले आजारी झाले, आता पुढची तीन चांगली’ असा हिशेब चालत नाही. प्रत्येक वेळी तोच एक-चतुर्थांश. आणि दोष दोघांकडून येतो, तेव्हा सुनेलाच बोल लावणे हे अज्ञान तर आहेच, अन्यायही आहे. पत्रिका जुळवणे आपण सोडले, आता बोलणी पक्की होण्याआधी रक्ताचा कागद पाहावा. लग्न झालेच असेल तर दिवस राहिल्याबरोबर, पहिल्या तीन महिन्यांतच, डॉक्टरांना सांगावे. गर्भाची तपासणी ठरावीक केंद्रांत होते आणि तिला वेळेची मर्यादा असते.

बाळाला पहिले पाच-सहा महिने काही होत नाही, कारण गर्भातले हिमोग्लोबिन त्याला सांभाळते. त्यानंतर हातापायाची बोटे सुजून लेकरू रडू लागले तर तो ‘मुका मार’ नसू शकतो. रुग्ण मुलाला फॉलिक ॲसिडची गोळी, वेळेवर लसी, लहानपणी पेनिसिलिन, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास हायड्रॉक्सियुरिया, एवढ्यावर पुष्कळ निभावते. हायड्रॉक्सियुरियाने कळा कमी होतात, पण मधूनमधून रक्त तपासावे लागते आणि गरोदरपणात ती चालत नाही. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मात्र या मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, विशेषतः वारंवार रक्त चढवत असतील तर. ताप १०१ अंशांच्या वर गेला, छातीत दुखून धाप लागली, पोट डाव्या बाजूला एकाएकी फुगले, तोंड वाकडे झाले किंवा एक हात लुळा पडला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच वेळी दवाखाना गाठा.

हक्कांबद्दलही सांगायला हवे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व धरले आहे, त्यात सिकलसेल आहे. प्रमाणपत्र ४० टक्के किंवा जास्त असेल तर सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांतील ५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करता येतो. पण त्याच कायद्यातल्या सरकारी नोकरीच्या ४ टक्के आरक्षणात रक्ताचे आजार धरलेले नाहीत. शिकायला दार उघडे आणि कमवायला बंद, हे आम्हांला मान्य नाही. आपल्या संघटनांनी हा प्रश्न उचलावा.

शाळा सुरू होताच मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या. त्यात एवढे असावे : मुलाला सिकलसेल आहे, सोबत रिपोर्टची प्रत, पाण्याची बाटली वर्गात ठेवू द्यावी, लघवीला जाऊ द्यावे, थंडीत स्वेटर काढायला लावू नये, धावण्याची शिक्षा करू नये, बुडालेला अभ्यास पुन्हा समजावा, अंग दुखू लागल्यास या नंबरवर फोन करावा. मूल दहावी किंवा बारावीला असेल तर परीक्षेतल्या जादा वेळेचा अर्ज शाळेमार्फत वेळेत जाईल हे पाहा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेची पोच घ्या आणि ती रिपोर्टसोबत जपून ठेवा.