शब्द कुठे तुटतो, हे डोळ्याला कोण सांगतं?

कुणबी नोंदींच्या शोधासाठी 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि ठिकठिकाणच्या कचेऱ्यांतली मोडी दप्तरं पुन्हा उघडली. ठाणे जिल्ह्यात शहापूर-मुरबाडकडे कुणबी वस्ती मोठी. जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांचा कागद शोधावा लागणं इथे नवं नाही. कागद सापडतोही. तो वाचणारा सापडत नाही.

मोडी लिपीत आधी आडवी रेघ ओढायची, मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं लिहीत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हं नाहीत आणि मुख्य म्हणजे दोन शब्दांत मोकळी जागा नाही.

या जागेचं मोल डोळ्याला विचारावं. वाचताना नजर ओळीवरून सरकत नाही, उड्या मारते. एकेका ठिकाणी ती साधारण पाव सेकंद थांबते. उडीदरम्यान जवळपास काहीच दिसत नाही. इंग्रजी वाचणाऱ्याची पुढची उडी कुठे पडावी, हे बऱ्याच अंशी कोऱ्या जागा ठरवतात. त्या काढल्या की वेग एक तृतीयांश किंवा त्याहूनही जास्त घटतो.

मग चिनी माणूस काय करतो? त्याच्या लिपीत शब्दांमध्ये जागा नसतेच. नजर टेकली की त्याला डावीकडचं एक आणि उजवीकडची तीनेक अक्षरं उपयोगी पडतात. बरेचसे शब्द दोन अक्षरी, म्हणजे एवढ्यात दोन-अडीच शब्द मावतात. 2008 मध्ये बाय श्वेजुन, कीथ रेनर आणि सहकारी संशोधकांनी मुद्दाम शब्दांमध्ये जागा सोडून मजकूर वाचायला दिला. वेग वाढला नाही आणि घटलाही नाही! प्रत्येक अक्षरानंतर जागा सोडली, तेव्हा मात्र वाचक अडखळले. शब्द एकसंध राहणं महत्त्वाचं होतं.

संशोधक ली शिंगशान यांच्या गटाचं म्हणणं असं की, चिनी वाचकाची नजर ठरावीक जागेवर नेम धरत नाही. आहे त्या थांब्यावर जेवढं ओळखू आलं, तेवढी पुढची उडी लांब. ओळखीचा शब्द आला की मोठी झेप, अवघड आला की आखूड पाऊल. थोडक्यात, शब्दाची हद्द कागदावर नाही, वाचकाच्या शब्दसाठ्यात असते.

मोडीतही शब्दांमध्ये जागा नसते, म्हणून ती शिकणाऱ्यांनी नुसती मुळाक्षरं घोटत बसू नये. ‘मौजे’, ‘तर्फ’, ‘बिन’, ‘कुणबी’ हे दप्तरातले नेहमीचे शब्द सुटी अक्षरं न जुळवता, अख्खे ओळखायचा सराव पहिल्या आठवड्यापासूनच करावा.