घटकाभर बसा

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरी एक वाद ठरलेला असतो. भिंतींना रंग लागतो, जुने खिळे उपटले जातात आणि मोकळ्या झालेल्या भिंतीवर काय लावायचे यावर माणशी एक मत पडते. यंदाचा प्रश्न होता सासूबाईंच्या पलंगासमोरच्या भिंतीचा. श्रावणात न्हाणीघरात पाय घसरून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया नीट पार पडली. पण ज्या बाईने साठ वर्षांत दुपारी कधी पाठ टेकली नाही, तिच्या वाट्याला दिवसभर भिंतीकडे पाहत पडून राहणे आले. डॉक्टर म्हणाले, "आता फक्त विश्रांती घ्यायची." सासूबाईंनी विचारले, "ती कशी घेतात?"

घरात सूचनांना तोटा नव्हता. आमच्या यजमानांना हिमालयातला सूर्योदय हवा होता, मुलीला सगळ्या नातवंडांचे फोटो आणि मुलाला टेलिव्हिजन! मी मात्र कपाटावर वर्षभर धूळ खात पडलेली एक सुरळी खाली काढली. तिची हकीकत सांगायची तर वाचकांना माझ्याबरोबर थोडे पॅरिसला यावे लागेल.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी धाकट्या भावाकडे गेले होते. परदेशी गेलेला मराठी माणूस विश्रांतीसाठी गेला, असे निदान मी तरी पाहिलेले नाही. सकाळी निघायचे, यादीतली ठिकाणे एकामागून एक खोडायची आणि रात्री सुजलेले पाय गरम पाण्यात घालायचे! अशाच एका दिवशी त्विलरी बागेच्या टोकाशी, सीन नदीच्या काठी, एका लांबट इमारतीत आम्ही शिरलो. तिचे नाव ओरांजरी. बागेतली संत्र्यांची झाडे हिवाळ्यात जपून ठेवण्यासाठी ती १८५२ साली बांधली गेली. आज तिथे क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराची कमळे आहेत.

आत प्रथम एक रिकामी पांढरी देवडी लागते. तिथे पाहण्यासारखे काही नाही. रस्त्यावरचा गलका डोक्यातून उतरावा एवढेच तिचे काम. पुढे लंबगोल आकाराची दोन दालने. प्रत्येकात चार चित्रे. उंची दोन मीटर, लांबी सहा मीटरांपासून सतरा मीटरांपर्यंत. भिंतीच्या वळणाबरोबर वळत जाणारी ही आठ चित्रे एका रेषेत मांडली तर शंभर मीटरच्या घरात जातील. वरून छतातून दिवसाचा उजेड गाळून येतो. बाहेर ढग आला की चित्रातले तळेही झाकोळते. आणि दालनाच्या मधोमध बसायला बाके.

मी बसले. भाऊ म्हणाला, "ताई, दहा मिनिटं हं." मी उठले तेव्हा पाऊण तास झाला होता.

त्या चित्रांत असे काय आहे, याचा मी पुढे बराच विचार केला. खरे म्हणजे, त्यांत काय नाही हेच महत्त्वाचे. बहुतेक ठिकाणी क्षितिज नाही, पैलतीर नाही. कोणी माणूस नाही, घडणारी गोष्ट नाही. पाणी, त्यावर तरंगणारी पाने-फुले आणि पाण्यात उतरलेले आभाळ. एरवी चित्र आपल्या नजरेला हाताला धरून नेते : आधी इकडे पाहा, मग तिकडे. इथे नजरेला कोणी हुकूम सोडत नाही. ती आपोआप रेंगाळते आणि तिच्यामागून मनही. आपल्याकडे गावाच्या वेशीवर वडाला पार बांधलेला असतो. पार वाटसरूला काही शिकवत नाही, विचारत नाही. "टेक घटकाभर" एवढेच म्हणतो. मोनेने रंगांचा पार बांधला.

आणि तो त्याने जाणूनबुजून बांधला. १९०९ च्या सुमारास त्याने एका समीक्षकाला आपला मनोदय सांगितला होता. कामाने ताणलेल्या माणसाच्या शिरा जिथे सैल पडतील, अशी पाण्याने वेढलेली एक खोली त्याला करायची होती. त्यासाठी लागणारे तळेही त्याने स्वतःच घडवले होते. जिव्हर्नी गावात १८९३ साली जमीन घेऊन त्याने ओढ्याचे पाणी वळवायचे ठरवले, तेव्हा गावकऱ्यांनी हरकत घेतली; ही परकी झाडे पाणी नासवतील, अशी त्यांना धास्ती होती!

इतके शांत चित्र काढणारा माणूस शांत असेल, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटले होते. हकीकत उलटी आहे. १९११ साली त्याची बायको गेली, १९१४ साली थोरला मुलगा. त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि धाकटा मुलगा सैन्यात गेला. त्याच्या स्वतःच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, रंग ओळखू येईनात. मनासारखे उतरले नाही की तो चित्रे फाडी, जाळी. तशाही स्थितीत त्याने या प्रचंड चित्रांसाठी नवी चित्रशाळा बांधली आणि काम चालू ठेवले. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबले. दुसऱ्याच दिवशी अठ्ठ्याहत्तरीला टेकलेल्या या म्हाताऱ्याने आपला मित्र, पंतप्रधान क्लेमांसो याला पत्र लिहून दोन चित्रे देशाला देऊ केली. दोनाची पुढे ही दोन दालने झाली. १९२३ साली उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली, तरी हात थांबला नाही. ५ डिसेंबर १९२६ रोजी तो वारला. तोवर ही चित्रे त्याने हातची सोडली नव्हती. दालने उघडली ती १७ मे १९२७ रोजी.

लोकांनी मात्र त्यांकडे फारसे लक्ष दिले नाही. १९६० च्या दशकात तर दालनांच्या डोक्यावर आणखी एक मजला चढवून छतातला उजेडच बंद केला गेला. पुढे तो मजला उतरवावा लागला, आणि २००६ सालापासून कमळांवर पुन्हा दिवस उजाडू लागला. विसाव्याच्या जागेवर मजले चढवण्याची हौस केवळ आपल्याकडेच आहे असे नाही!

निघताना तिथल्या दुकानातून मी एका चित्राची छापील प्रत घेतली होती. तीच ही सुरळी. चौकटवाल्याने ती उलगडली, दोनदा फिरवून पाहिली आणि विचारले, "ताई, यात वरची बाजू कोणती?" मला हसू आले, पण त्याने मोनेचे मर्म अचूक पकडले होते.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी चित्र सासूबाईंच्या समोर लागले. त्यांनी चष्मा पुसून पाहिले.

"पाणीच दिसतंय सगळं. काठ कुठाय गं?"

"काठ नाहीये आई. तसंच काढलंय ते."

"मग बसायचं कुठं माणसानं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर होता, चकलीची भाजणी परातीत, दुधाची वेळ झालेली. मी वळले, तोच त्यांनी पलंगाच्या कडेवर हात थोपटला.

"आल्यापासून बघतेय, एका जागी बूड टेकलेलं नाहीये तुझं. माझंही आयुष्य असंच गेलं. बस इथं घटकाभर. मग दोघी मिळून बघू तुझं पाणी."

मी बसले. काठ सापडला होता. त्या दिवशी दूध उतू गेले, त्याबद्दल मला घरातले कोणी काही बोलले नाही.