परिचारिकांचं हसणं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज: ड्यूटीवर हसणाऱ्या सिस्टरना पेशंटचं काही वाटत नाही.

वस्तुस्थिती: आयसीयूबाहेर रात्रभर ताटकळलेल्या नातेवाइकाला आतलं हसणं झोंबतं, आणि ते साहजिकच आहे. पण हसणाऱ्या त्याच सिस्टर पुढच्या मिनिटाला पेशंटला कुशीवर वळवतात, सक्शन करतात, लघवीचं माप लिहितात. एकत्र हसल्यामुळे पुढचे चार तास एकमेकींना हाक मारणं सोपं जातं. पेशंटच्या देखत त्याच्यावरच हसणं मात्र वेगळं. त्याचं समर्थन होऊच शकत नाही.

गैरसमज: हसू आलं म्हणजे विनोद झाला.

वस्तुस्थिती: अमेरिकी संशोधक रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी लोकांच्या रोजच्या बोलण्यातल्या सुमारे 1200 हसण्यांची नोंद केली. त्यांतली 20 टक्क्यांहूनही कमी हसणी विनोदासारख्या वाक्यानंतर आली होती, आणि ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त हसत होता. ‘सिस्टर, पाच नंबरची सलाईन संपत आलीय हं,’ असं इनचार्जला सांगून नवी मुलगी हसते, तेव्हा आपण मोठ्यांना शिकवतोय असं वाटू नये एवढंच तिला हवं असतं.

गैरसमज: हसण्यात लहान-मोठं कुणी नसतं.

वस्तुस्थिती: असतं, आणि या विषयातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. समाजशास्त्रज्ञ रोझ कोझर यांनी एका मनोरुग्णालयातल्या बैठकांमधले विनोद टिपले आणि 1960 साली निष्कर्ष मांडले. 103 पैकी 99 विनोद पुरुषांचे होते. वरच्या पदावरची माणसं जास्त विनोद करत, आणि बैठकीत हजर असलेल्या वरिष्ठावर कनिष्ठाने विनोद केला, असं घडलंच नाही.

याला जोडून मनोविकारतज्ज्ञ लिओनार्ड स्टाइन यांचा 1967 चा लेख आठवतो. नर्सने डॉक्टरला सल्ला द्यायचा, पण तो सल्ला वाटता कामा नये, या खेळाचं त्यांनी वर्णन केलं होतं. ‘सर, एवढाच डोस द्यायचा ना?’ असं हसत विचारणारी नर्स आजही तेच करते. तिला शंका आली आहे. डॉक्टरही हसले आणि पुढे गेले, तर ती शंका तिच्यापाशीच राहते आणि चुकीचा डोस शिरेत जाऊ शकतो. डॉक्टरांनी थांबून औषधाचं नाव आणि मात्रा पुन्हा सांगावी, नर्सने ती वाचून दाखवावी.

गैरसमज: ड्यूटी बदलतानाच्या हँडओव्हरचा ठरावीक साचा असला की बाकीच्या बोलण्याची गरज उरत नाही.

वस्तुस्थिती: सद्यस्थिती, पूर्वेतिहास, मूल्यमापन, शिफारस या क्रमाने सांगण्याची एसबीएआर पद्धत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधून रुग्णालयांत आली. ती उपयुक्तच आहे. पण ‘मला हे बरोबर वाटत नाही’ असं म्हणायला जी हिंमत लागते, ती फॉर्म भरून येत नाही. जिच्यासोबत चहा पिताना मनमोकळं हसलोय, त्या सीनियरला रात्री तीन वाजता उठवणं नव्या मुलीला जमतं.