हातांचं काय करायचं

चपला खिडकीत दिल्या, टोकन खिशात टाकलं आणि मग हातांचं काय करायचं ते कळेना.

मी देव मानत नाही. पंढरपूरला एकदाच गेलो होतो, तेव्हा हात पाठीमागे बांधून मंडपातले खांब बघत उभा होतो आणि आईने कोपर मारलं होतं. इथे श्रीलंकेत, कँडीत, कोपर मारायला कोणी नव्हतं. समोर श्री दळदा मालिगावा, म्हणजे बुद्धाच्या दाताचं मंदिर. संध्याकाळचे सहा वाजलेले. पुढेमागे पांढऱ्या कपड्यांतली माणसं, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात फुलं. रिकामे हात फक्त माझे.

नियम सोपे होते. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत, टोपी नको, पाय अनवाणी. स्थानिकांना प्रवेश फुकट, परदेशी माणसाला तिकीट. आत जाताना कसून तपासणी होते, कारण १९९८ च्या जानेवारीत तामिळ वाघांनी, म्हणजे लिट्टेने, स्फोटकांनी भरलेला ट्रक इथल्या दारावर आणला होता आणि दर्शनी भागाची पार पडझड झाली होती. सगळ्या पाट्या, सगळ्या तपासण्या शरीराबद्दलच्या. तुमची श्रद्धा आहे का, हे कोणीही विचारत नाही. मी मनात एक लांबलचक उत्तर तयार करून नेलं होतं, ते तसंच परत आणलं.

बाहेर फुलांची दुकानं ओळीने आहेत. कमळं, निळी कुमुदं आणि ज्याला तिथे अरलिया म्हणतात तो आपला देवचाफा. एक बाई मिटलेल्या कळीच्या पाकळ्या बोटांनी एकेक उघडत होती, न बघता, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता. मी कुतूहलाने एक कमळ उचललं आणि नाकाशी नेलं. तिने जिभेने ‘च्’ केलं, फूल माझ्या हातातून काढून बाजूला ठेवलं. वाहायच्या फुलाचा वास घ्यायचा नाही. माझ्या आजीनेही हेच केलं असतं, फक्त वर एक वाक्य ऐकवलं असतं. ते बाजूचं कमळ मी विकत घ्यायला हवं होतं, हे मला आत गेल्यावर सुचलं.

साडेसहाला हेविसी, म्हणजे पूजेचं वादन, सुरू झाली. कमरेला लाल पट्टा बांधलेले, उघड्या अंगाचे वादक खालच्या मंडपात उभे राहतात. दवुला हा आडवा ढोल आणि तम्मट्टम ही वाकड्या काड्यांनी वाजवायची जोडी. ती पाहिल्यावर मला पहिल्यांदा जरा घरी आल्यासारखं वाटलं, कारण गोंधळ्याच्या कमरेचं संबळ आणि हे, दोघं मावसभाऊ शोभावेत. होरणॅव तर सनईच, पण लग्नातली मऊ सनई नव्हे, जरा रागावलेली. त्या आवाजात वरच्या मजल्यावर रांग सरकते. दाराजवळ पोचलात की काही सेकंद मिळतात. आत स्तूपाच्या आकाराचा सोन्याचा करंडक दिसतो. त्याच्या आत एकात एक आणखी करंडक आहेत आणि सगळ्यांत आतल्यात दात. दात दिसत नाही. माझ्या पुढच्या माणसाने ते काही सेकंद डोळे मिटून घालवले. मी डोळे ताणून घालवले. दिसलं दोघांनाही सारखंच.

दार उघडायच्या आधी आत काय चालतं ते मी नंतर विचारून घेतलं. दिवसातून तीन वेळा पूजा होते, पहाटे, सकाळी आणि संध्याकाळी. मल्वत्त आणि अस्गिरिय या दोन पीठांचे भिक्खू आळीपाळीने ती करतात. तोंड धुवायला पाणी, पुसायला वस्त्र, चवरी, घंटा, वेळेनुसार अन्न किंवा पेय, शेवटी विडा. जणू आत एक राजा राहतो आणि त्याची उठबस चालली आहे. विठोबाला काकड्याला उठवतात, पोशाख चढवतात, शेजारतीला निजवतात, तसंच हुबेहूब. मी चकित झालो. बुद्ध म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर नागपुरातला विहार येतो: पांढरी भिंत, मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या आणि जमिनीवर बसलेल्या पांढऱ्या साड्या. तिथे कोणी बुद्धाचं तोंड धूत नाही.

बाबासाहेबही इथे आले होते. १९५० च्या मे महिन्यात जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने ते सिलोनला आले, तेव्हा बौद्ध विधी प्रत्यक्ष पाहायचे आणि हा धर्म लोकांच्या जगण्यात कितपत जिवंत आहे ते तपासायचं, असा आपला हेतू त्यांनी सांगितला होता. म्हणजे तेही त्या वेळी निरीक्षकच. त्यानंतर सहा वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात त्यांनी जो विधी केला त्यात त्रिशरण होतं, पंचशील होतं आणि त्यांच्या स्वतःच्या बावीस प्रतिज्ञा होत्या. चवरी, विडा, करंडक यांतलं काहीच नव्हतं. पाहून आल्यावर काय घ्यायचं नाही, हेही माणूस ठरवतोच. मला हा विचार त्या गर्दीत फार सोबतीचा वाटला.

दाताची एक गोष्ट गोव्यातही येऊन पोचते. १५६० साली गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय कोन्स्तान्तिनो द ब्रागांसा याने जाफन्यावर स्वारी केली. लुटीत एक दात मिळाला आणि तो बुद्धाचा म्हणून गोव्याला आणला गेला. पेगूच्या, म्हणजे आजच्या म्यानमारमधल्या, राजाने तो सोडवायला प्रचंड रक्कम देऊ केली. व्हाइसरॉयला मोह झाला, पण आर्चबिशप आडवा आला. शेवटी दात खलात कुटला, जाळला आणि राख नदीत टाकली, अशी पोर्तुगीज बखरकाराची नोंद आहे. कँडीत कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: तो दुसराच कुठला तरी दात, खरा या बेटावरून हललाच नाही. दोन्ही दातांबद्दल माझं मत एकच आहे. पण ज्याला हाडाचा एक तुकडा समजून सोडून देता आलं असतं ते कुटून, जाळून, वाहवून टाकावंसं वाटलं, म्हणजे त्या दाताला पोर्तुगीजांनीही काही कमी मानलं नव्हतं.

मालिगावाच्या आसपास देवांची देवळंही आहेत: नाथ, विष्णू, पत्तिनी आणि जरा पलीकडे कतरगम, म्हणजे आपला कार्तिकेय. बुद्धापुढे डोळे मिटलेली माणसं तिथून निघून फळांचं तबक घेऊन या देवळांत शिरतात. मुक्कामाच्या घरमालकाला मी विचारलं, हे कसं? तो हसला. बुद्धाकडे काही मागायचं नसतं, तो परिनिर्वाणात गेला, तो देणार कसा? परीक्षा, कोर्टकचेरी, मूलबाळ, यासाठी देव आहेत. मला ही कामाची वाटणी एकदम पटली. ज्याच्यापुढे फूल ठेवायचं आणि काहीच मागायचं नाही, असा कोणी आपल्याकडे शोधावा लागेल.

दुसऱ्या दिवशी पोया होती. ‘पोया’ म्हणजे उपोसथ, पौर्णिमा. श्रीलंकेत दर पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते आणि दारू मिळत नाही. घरमालक आपल्या गावच्या विहारात निघाला होता, मला म्हणाला, चला. मी पांढरा सदरा घातला.

लहानसा विहार. झाडून रेघा उठलेली वाळू, एक पांढरा दागबा म्हणजे स्तूप, कठड्यातला बोधिवृक्ष आणि मूर्तीचं घर. दारावर निळ्या, पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि केशरी पट्ट्यांचा झेंडा. हा पंचशील ध्वज मी लहानपणापासून दीक्षाभूमीवर पाहत आलो आणि तो नागपूरचाच आहे असं समजत होतो. तो कोलंबोत तयार झाला, १८८५ साली, आणि त्या वर्षीच्या वैशाख पौर्णिमेला पहिल्यांदा फडकला.

पहिली चूक दहा मिनिटांत झाली. मूर्ती सुंदर होती, पहुडलेली, खूप लांब. घरमालकाच्या मुलीला फोन देऊन मी मूर्तीसमोर उभा राहिलो, कॅमेऱ्याकडे तोंड करून. मुलीने फोन खाली घेतला आणि नुसती मान हलवली. बुद्धाकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. मी बाजूला सरकलो, कान गरम झाले होते. इथे कोणी रागावलं नाही, पण या देशात हे प्रकरण वरपर्यंत जाऊ शकतं. २०१४ मध्ये दंडावर बुद्धाचं गोंदण असलेल्या एका ब्रिटिश बाईला विमानतळावरून अटक करून परत पाठवलं होतं. पुढे २०१७ मध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने तिचे हक्क डावलले गेले असं म्हणत तिला भरपाई देववली. रिवाज मोडला तर मुलीने मान हलवावी इतपत मला मान्य आहे. पोलीस आले की तो रिवाज राहत नाही.

दुसरी चूक मला चूक वाटलीच नव्हती. वृद्ध भिक्खू समोरून आले, मी सवयीने हात जोडले. नमस्कार, जसा शेजाऱ्याला करतो तसा. त्यांनी हात जोडले नाहीत, फक्त डोळ्यांनी दखल घेतली आणि पुढे गेले. मला जरा लागलं. मग कळलं की भिक्खू गृहस्थाला उलट नमस्कार करत नाहीत. त्यांच्यापुढे राष्ट्राध्यक्षही गुडघे टेकतात, आणि तो नमस्कार चीवराला असतो. काल अख्खी संध्याकाळ जे हात मी जपून खिशात ठेवले होते, ते आज असे बेसावधपणे जोडले गेले होते.

नंतर सगळे वाळूवर चटया टाकून बसले. अष्टशील घेतलेल्या म्हाताऱ्या बायका पुढे, आता दुपारनंतर उद्या उजाडेपर्यंत त्यांच्या पोटात घास जाणार नव्हता. भिक्खूंनी पन्सिल सुरू केलं. पन्सिल म्हणजे पंचशील. पहिल्याच शब्दाला मी दचकलो. आमच्या मोहल्ल्याच्या मागच्या अंगाला बौद्ध वस्ती होती. आमच्या घरून तिथे कोणी जात नसे, पण बुद्धपौर्णिमेला विहारावरच्या भोंग्याचा आवाज भिंत ओलांडून यायचा. तीच पाली, तोच क्रम. इथे उच्चार थोडे गोलाईचे आणि चाल संथ, एवढाच फरक. तिसऱ्या शीलापर्यंत माझे ओठ हलत होते. श्रद्धेचा काही संबंध नाही, पाढ्यांसारखं आत बसलं होतं. ते पाठ व्हायला चाळीस वर्षं लागली आणि म्हणायला समुद्र ओलांडावा लागला, याचं मात्र वाटायचं ते वाटलं.

अकराच्या सुमारास घाई उडाली. बुद्धपूजा दुपारच्या आत व्हावी लागते, कारण भिक्खू मध्यान्हानंतर जेवत नाहीत आणि बुद्धही भिक्खूच. घराघरांतून आलेलं अन्न लहान लहान वाट्यांत काढलं जात होतं. कोणी चाखून बघत नव्हतं. मग स्वयंपाकघरापासून मूर्तीच्या घरापर्यंत माणसांची रांग उभी राहिली, वाळू ओलांडून, पायऱ्या चढून. मी बाजूला झाडाखाली उभा राहिलो, निरीक्षकाच्या जागी. रांगेत एक जागा रिकामी होती, दोन हातांच्या अंतराची. तिथल्या आच्चीने, म्हणजे आजीने, मला बघितलं आणि म्हणाली, “पुता, एन्न.” ये, बाळा. घरमालकाच्या मुलीला भाषांतर करावं लागलं नाही.

मी उभा राहिलो. पहिलं ताट आलं, भाताचं. आच्चीने ते दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलं, मी दोन्ही हातांनी पुढच्या मुलाकडे. काही जण ताट कपाळाला लावत होते, काही नुसतेच हात टेकवत होते. ज्यांना रांगेत जागा मिळाली नाही ते पुढच्याच्या खांद्याला हात लावून उभे होते, म्हणजे तेही पोचले. मी कपाळाला लावलं नाही. कोणाच्या ते लक्षातही आलं नाही, कारण दुसरं ताट आलं होतं. मसूर डाळीची वाटी. मग फणस. मग केळी. मग पाणी, ते सांडू न देता. मग फुलं, जी मी यावेळी नाकापासून लांब धरली. तिसऱ्या-चौथ्या ताटानंतर मी विचार करायचा थांबलो. थांबलो तर रांग अडते. इतका साधा प्रकार होता. आत मूर्तीपुढे सगळं मांडून झालं तेव्हा ‘साधु, साधु, साधु’ असा एकच आवाज उठला.

मग भिक्खूंचं जेवण, पांढरं कापड अंथरलेल्या आसनांवर. जेवण झाल्यावर एक बारीक विधी होतो, तो मला सगळ्यांत आवडला. घरचा कर्ता माणूस एका ताटातल्या पेल्यात झारीने पाणी ओततो, पेला भरला तरी ओतत राहतो, पाणी काठावरून ताटात उतरतं. भिक्खू त्या वेळी पाली गाथा म्हणतात. मिळालेलं पुण्य मेलेल्या नातेवाइकांना, देवांना, सगळ्यांना देऊन टाकायचं. दुसऱ्याच्या चांगल्या कामाचा नुसता आनंद मानला तरी वाटा मिळतो. न मागता, न मानता मलाही मिळाला असणार. तो परत करायची सोय नाही, असं मुलीने मला गंभीरपणे सांगितलं.

पुन्हा चटया अंथरल्या. आता आमची पंगत. आच्ची शेजारीच बसली आणि माझ्यापुढे ताट सरकवलं: भात, परिप्पू म्हणजे डाळ, फणसाची भाजी, ओल्या खोबऱ्याचा लालभडक सांबोल. चमचा नव्हता. उजव्या हाताला काही शिकवावं लागलं नाही.