दात उजळल्यानंतरची कळ आणि लेझर

दवाखान्यात दात पांढरे करण्यासाठी सामान्यतः २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असलेले जेल वापरले जाते. त्यातून सुटणारा क्रियाशील ऑक्सिजन डागांमधील रंगीत रेणूंचे विघटन करतो; मात्र पेरॉक्साइडचा रेणू अतिशय लहान असल्याने तो दातावरील एनॅमलचे कठीण कवच आणि त्याखालील डेंटिनचा थर ओलांडून काही मिनिटांतच दंतमज्जेपर्यंत, म्हणजे दाताच्या गाभ्यातील नसा व रक्तवाहिन्या असलेल्या मऊ ऊतीपर्यंत, पोहोचतो. तेथे सौम्य दाह निर्माण होतो आणि दातातून एकाएकी सळकन कळ उठते. खालच्या पुढील दातांत या थरांची जाडी कमी असल्यामुळे त्रास तेथे विशेष जाणवतो.

थंड पाण्याने दात ठणकण्याचे परिचित स्पष्टीकरण स्वीडिश संशोधक मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात पुढे आणले: डेंटिनमधील सूक्ष्म नलिकांतील द्रव हलला की नसा उत्तेजित होतात. परंतु दात उजळल्यानंतरची कळ पुष्कळदा थंड-गरम काहीही न लागता, बसल्याजागी येते, आणि म्हणूनच केवळ नलिकांची तोंडे बंद करणारा उपाय येथे अपुरा ठरण्याचा संभव असतो.

या कारणासाठी प्रामुख्याने कमी शक्तीचा डायोड लेझर विचारात घेतला जातो. त्याची शक्ती बहुधा अर्ध्या वॉटहून कमी असते व प्रकाश लाल किंवा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, साधारण ६६० ते ८३० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. या प्रकाशाने ऊती जळत किंवा कापल्या जात नाहीत. पेशींतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका तो शोषून घेतात, दाह उतरण्यास मदत होते आणि नसांमधून वेदनेचे संदेश जाण्याचा वेग मंदावतो, असे मानले जाते. जेल सक्रिय करण्यासाठी वापरला जाणारा लेझर किंवा प्रखर दिवा ही मात्र निराळी गोष्ट आहे. त्याच्या उष्णतेने दंतमज्जेचा त्रास उलट वाढू शकतो, आणि जाहिरातींत हे दोन्ही ‘लेझर’ या एकाच नावाखाली सर्रास खपवले जातात.

उपचार पाहण्यास अगदी साधा आहे: रुग्ण व डॉक्टर दोघेही संरक्षक चष्मा लावतात आणि पेनसारख्या उपकरणाचे टोक दाताच्या मानेशी काही सेकंद टेकवले जाते. त्याचा गुण सिद्ध करणे मात्र अवघड आहे, कारण ही कळ बहुतेकांना पहिल्या दिवशी सर्वाधिक जाणवते आणि काही दिवसांत आपोआप ओसरते. म्हणून चाचण्यांत काही रुग्णांच्या दातांवर प्रकाश न सोडताच उपकरण टेकवले जाते. अशा चाचण्या बहुधा लहान असून त्यांतील मात्रा व तरंगलांबी जुळत नाहीत. काहींत वेदना कमी झालेली दिसते, तर काहींत फरक आढळत नाही. तूर्तास हा मुख्य उपचार नसून पूरक आहे, असेच म्हणणे रास्त ठरेल.

पोटॅशियम नायट्रेट व फ्लोराइडचे जेल दात उजळण्याआधी लावून ठेवणे हा तुलनेने स्वस्त आणि अधिक रुळलेला मार्ग आहे. पोटॅशियममुळे नसांची उत्तेजना कमी होते. जेलचे प्रमाण किंवा वेळ घटवूनही त्रास आटोक्यात राहतो. कळ एकाच दातात येत राहिली अथवा आठवडाभर टिकली, तर कीड, तडा किंवा गळकी फिलिंग यांचा शोध घेणे लेझर मारण्यापूर्वी आवश्यक असते.