अंगठा साडेसहाला, माणूस साडेनऊला

ऐरोलीतल्या आमच्या बॅक ऑफिसात संध्याकाळी साडेसहाला लिफ्टसमोर रांग लागते. बाहेरच्याला वाटेल, सुटलं ऑफिस. सगळे खाली जातात, हजेरीच्या यंत्रावर अंगठा टेकवतात आणि त्याच लिफ्टनं परत वर येतात. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार मुळात दिवसाला नऊ तासांपुढे काम घेतलं, तर दुप्पट वेतन द्यावं लागायचं. यंत्राच्या हिशेबी आमच्याकडे कुणी थांबतच नाही. (सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळानं नवाचे दहा करायला मंजुरी दिली. आता अंगठा साडेसातला, एवढाच काय तो फरक!)

अंगठ्यापेक्षा सभ्य उपाय म्हणजे बढती. व्यवस्थापकीय पदांना हा कायदा लागू नाही, त्यामुळे हाताखाली एकही माणूस नसलेले असिस्टंट मॅनेजर आमच्याकडे रांगेनं बसतात. पेढे वाटले, ओव्हरटाइम गेला.

वेळेवर निघायचं तर युक्ती लागते. एक जण दोन डबे आणायचा. रिकामा टेबलावर, खरा पिशवीत. डबा दिसला की साहेब समजत, माणूस इथेच कुठेतरी आहे.

माझा किस्सा मात्र ऑफिसभर गाजला. ठाकुर्लीला जलद लोकल थांबत नाही, म्हणून ठाण्याला उतरून धीमी धरायची. महिनाअखेरीचा कॉल चालू, मी गाडीत, साहेबांच्या लेखी जागेवर. डोंबिवली सुटली, न जुळणारा आकडा सांगायला मी म्यूट काढलं आणि डोक्यावरून बाई बोलल्या, ‘पुढील स्टेशन, ठाकुर्ली.’ कॉलवर कुणी श्वासही घेईना. साहेब अगदी प्रेमानं म्हणाले, “ठाकुर्लीला राहतोस ना? मग दहा मिनिटांत घरी. पोचलास की लॉगिन कर.” त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

पण सगळंच हसण्यावारी नेता येत नाही. जुलै 2024 मध्ये ईवाय या लेखा व सल्लागार कंपनीच्या पुणे कार्यालयातली अॅना सेबॅस्टियन पेरायिल ही 26 वर्षांची सनदी लेखापाल गेली. नोकरीला जेमतेम चार महिने झाले होते. कामाच्या ताणानं मुलगी गेली, असं आईनं कंपनीच्या अध्यक्षांना लिहिलं. कंपनीनं ते मान्य केलं नाही. पण कामगार खात्याच्या तपासणीत निघालं, की ते कार्यालय 2007 पासून दुकाने व आस्थापना कायद्याखालच्या नोंदणीविना चालू होतं. म्हणजे तिथे तास मोजायला सरकारी वहीसुद्धा नव्हती.

ते पत्र फिरलं, तशी आमच्या एचआरनं तणावमुक्तीची कार्यशाळा ठेवली. शनिवारी, सुट्टीच्या दिवशी. हजेरी सक्तीची, अंगठ्यासकट. डोळे मिटून दीर्घ श्वास घ्या म्हटल्यावर मागच्या रांगेतले दोघं घोरायला लागले. प्रशिक्षक बाईंनी त्यांना उठवलं नाही.